कात्रणांतून ऐकूं येणारा जलसा

चित्रकाराचें चित्र भिंतीवर राहतें, मूर्तिकाराची मूर्ति चौकांत उभी राहते, ग्रंथकाराचा ग्रंथ कपाटांत राहतो. परंतु गवयाचा जलसा संपल्यावर मागें काय उरतें? दिवे मालवले जातात, खुर्च्या उचलल्या जातात, मंडळी आपापल्या घरीं जातात, आणि जें कांहीं घडलें तें ऐकणारांच्या कानांत राहील तितके दिवस राहतें. ध्वनिमुद्रणाचें यंत्र निघाल्यापासून ही अडचण दूर झाली, असा पुष्कळांचा समज आहे. पण तबकडीवर सांपडणारें गाणें यंत्रशाळेंत बसून, जुळवून, चुकलेलें पुन्हां गाऊन तयार केलेलें असतें. अमुक गांवीं, अमुक रात्रीं, अमुक श्रोत्यांसमोर तें कसें गाइलें गेलें, हें तबकडी सांगत नाहीं. तें सांगण्याचें काम पुष्कळदां एका अनपेक्षित साक्षीदाराकडे येतें. हा साक्षीदार म्हणजे दुसऱ्या दिवशींचें वर्तमानपत्र. त्याच्या कोपऱ्यांतील दहा-वीस ओळींच्या परीक्षणावरून अर्ध्या शतकापूर्वींचा जलसा पुन्हां कसा उभा करतां येतो, आणि असें करतांना कोठें कोठें जपावें लागतें, याचा विचार एका उदाहरणाच्या आधारें करणें बोधप्रद होईल.

हें उदाहरण आहे इंग्लंडमधील ‘लेड झेपलिन’ नांवाच्या रॉक वाद्यवृंदाचें. हा वृंद १९६८ सालीं लंडनमध्यें जमला. त्यांत चौघेच होते: गिटार वाजविणारा जिमी पेज, गायक रॉबर्ट प्लँट, बास गिटार व पेटीच्या जातीचीं वाद्यें सांभाळणारा जॉन पॉल जोन्स आणि ड्रम वाजविणारा जॉन बॉनम. २५ सप्टेंबर १९८० रोजीं बॉनम वारला आणि त्याच वर्षाच्या ४ डिसेंबरला उरलेल्या तिघांनीं वृंद मोडल्याचें जाहीर केलें. म्हणजे हा सारा संसार बारा वर्षांचा. रॉक म्हणजे विजेच्या साह्यानें आवाज वाढविलेल्या गिटारी, मोठाले ड्रम आणि तार सप्तकांतलें गाणें यांचा कल्लोळ, अशी ज्या घरांत समजूत असेल, तेथें या संगीताची गोडी असेलच असें नाहीं. पण येथें प्रश्न गोडीचा नसून पुराव्याचा आहे. आणि पुराव्याचे नियम शास्त्रोक्त गायनाला एक व रॉक संगीताला दुसरे असे नसतात.

या बारा वर्षांत हा वृंद युरोप, अमेरिका, जपान व ऑस्ट्रेलिया येथें गात फिरला. प्रत्येक जलशाची नोंद ठेवण्याची कोणाला फारशी गरज भासली नाहीं. व्यवस्थापकाला हिशेब हवा होता, इतिहास नको होता. पुढें कांहीं चिकाटीच्या मंडळींनीं हा इतिहास जुळविण्याचें काम अंगावर घेतलें. डेव्ह लुइस व सायमन पॅलेट या दोघांनीं १९९७ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत या वृंदाचे जलसे दिनांकवार मांडले आहेत. रॉबर्ट गॉडविन यांनीं वृत्तपत्रांतील मजकुराचा एक स्वतंत्र संग्रह केला. या कामाचें साहित्य कोणतें? जाहिराती, तिकिटें, भित्तिपत्रकें, श्रोत्यांनीं चोरून केलेलीं ध्वनिमुद्रणें, म्हाताऱ्या झालेल्या माणसांच्या आठवणी आणि वर्तमानपत्रांतील परीक्षणें. यांपैकीं जाहिरात काय होणार होतें तें सांगते. आठवण काय झालें असें आज वाटतें तें सांगते. परीक्षण मात्र काय झालें तें, घडल्यापासून थोड्या तासांच्या आंत, तारीख घालून सांगतें. त्याचें महत्त्व या तारखेंत आहे.

एक परीक्षण जवळून पाहावें. २६ डिसेंबर १९६८ रोजीं अमेरिकेंतील डेन्व्हर शहरीं ऑडिटोरियम अरीना या सभागृहांत ‘व्हॅनिला फज’ व ‘स्पिरिट’ या दोन वृंदांचा जलसा ठरला होता. लेड झेपलिनचें नांव जाहिरातींत नव्हतें. हा नवखा वृंद आयत्या वेळीं जोडला गेला. अमेरिकेंतील त्याचा हा पहिलाच जलसा. तेव्हां केवळ जाहिरातींवर विसंबून इतिहास लिहूं जाणारा मनुष्य, त्या रात्रीं हे चौघे डेन्व्हरमध्यें नव्हतेच, असें लिहून मोकळा होईल! परंतु दुसऱ्या दिवशीं ‘रॉकी माउंटन न्यूज’ या पत्रांत टॉमस मॅक्‌क्लस्की या टीकाकाराचें परीक्षण आलें आणि वृंदाची हजेरी कायमची नोंदली गेली.

या परीक्षणांत त्यानें काय म्हटलें? गिटारवादक त्याला असामान्य वाटला. त्यानें दोन-एक गाण्यांत गिटारीच्या तारांवर व्हायोलिनचा गज फिरविला आणि त्याचा परिणाम चांगला साधला, हेंहि त्यानें नमूद केलें. गायकाची ढब त्याला बरी वाटली, आवाज विशेष वाटला नाहीं. बास वाजविणाऱ्यास त्यानें भक्कम म्हटलें. ड्रमवादकाबद्दल मात्र त्याचें मत दुहेरी होतें: सर्वांबरोबर वाजवितांना तो उत्तम, पण एकट्यानें वाजवूं लागला कीं त्यांत ना नवीन कल्पना, ना नाजुकपणा, ना चढत जाणारा शेवट. ज्या बॉनमची पुढें रॉक संगीतांतील श्रेष्ठ ड्रमवादकांत गणना झाली, त्याच्याविषयींचें हें मत आज वाचून कोणासहि हंसूं येईल.

पण हंसून पान उलटणारा मनुष्य संशोधक होत नाहीं. संशोधक मत बाजूला ठेवतो आणि त्या मताच्या पोटांत दडलेली वस्तुस्थिति वेंचून घेतो. ड्रमचें एकट्याचें वादन टीकाकाराला आवडलें नाहीं. म्हणजे तें झालें होतें, आणि कंटाळा येण्याइतकें लांबलें होतें. गज दोन-एक गाण्यांत फिरला. या वृंदाची पहिली तबकडी अमेरिकेंत १२ जानेवारी १९६९ रोजीं निघाली, म्हणजे या जलशानंतर सतरा दिवसांनीं. टीकाकाराला गाण्यांचीं नांवें ठाऊक असण्याचा संभव नव्हता. पण आज ती तबकडी हातांत घेऊन बसणाऱ्यास तिच्यांत गजाचा उपयोग केलेलीं गाणीं सांपडतात तीं दोन: ‘डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड’ आणि ‘हाउ मेनी मोअर टाइम्स’. ज्या गाण्यांचीं नांवें टीकाकारास ठाऊक नव्हतीं, तीं त्याच्याच एका वाक्यावरून अशा रीतीनें ओळखतां येतात.

हा तर्क झाला. त्याची कसोटी कोणती? सुदैवानें ती उपलब्ध आहे. डेन्व्हरनंतर चारच दिवसांनीं, ३० डिसेंबर रोजीं, वॉशिंग्टन राज्यांतील स्पोकेन गांवीं गोंझागा विद्यापीठांत हा वृंद गाइला. तेथें एका श्रोत्यानें जलसा ध्वनिमुद्रित करून घेतला. या वृंदाच्या जलशाचें आज उपलब्ध असलेलें सर्वांत जुनें ध्वनिमुद्रण तें हेंच. त्यांत गजाचीं हीं दोन्ही गाणीं आहेत आणि ड्रमचें एकट्याचें वादनहि आहे. चार दिवसांत कार्यक्रम उलटापालटा होण्याचें कारण नव्हतें. तेव्हां डेन्व्हरच्या कार्यक्रमाचा सांगाडा बऱ्याच खात्रीनें उभा राहतो. सर्व गाणीं कोणतीं, कोणत्या क्रमानें, हें मात्र त्यावरून म्हणतां येत नाहीं. आणि प्रामाणिक संशोधक तेथेंच लेखणी थांबवितो.

स्पोकेनच्या जलशाची आणखी एक गंमत आहे. तेथील वर्तमानपत्रांत जी जाहिरात आली तींत वृंदाचें नांव ‘लेन झेफलिन’ असें छापलें गेलें! टेलिफोनवरून ऐकतांना चूक झाली कीं खिळे जुळवितांना झाली, कोण जाणे. आजकाल जुन्या वर्तमानपत्रांचीं छायाचित्रें घेऊन यंत्राकडून त्यांतील अक्षरें वाचून घेतात, आणि संशोधक घरीं बसून एखादें नांव शोधूं शकतो. ही सोय मोठी आहे. पण यंत्राला ‘लेड झेपलिन’ शोधण्यास सांगितलें, तर ‘लेन झेफलिन’ त्याच्या दृष्टीस पडेलच असा भरंवसा नाहीं. उलट, नुसतें ‘झेपलिन’ शोधावयास सांगितलें, तर काउंट झेपलिन याच्या आकाशांत उडणाऱ्या विमाननौकांच्या शेंकडों बातम्या अंगावर येतात. ६ मे १९३७ रोजीं जळून खाक झालेली ‘हिंडेनबुर्ग’ त्यांत अग्रभागीं. योगायोग असा कीं, याच अपघाताचें चित्र या वृंदाच्या पहिल्या तबकडीच्या वेष्टणावर आहे.

नांवाचा हा घोटाळा छापखान्याच्याच चुकीमुळें होतो असें नाहीं. या चौघांचा पहिला जलसा ७ सप्टेंबर १९६८ रोजीं डेन्मार्कमधील ग्लाडसाक्से येथील तरुणांच्या क्लबांत झाला, तेव्हां ते पेजच्या जुन्या वृंदाचें ‘यार्डबर्ड्स’ हें नांव लावून गात होते. त्याचा वृत्तांत सांपडतो तो त्या क्लबाच्या स्वतःच्या लहानशा पत्रिकेंत. पुढें २८ फेब्रुवारी १९७० रोजीं कोपनहेगन येथें गातांना त्यांनीं ‘नॉब्ज’ असें भलतेंच नांव घेतलें. कारण झेपलिन घराण्यांतील एका बाईंनीं आपल्या कुलनामाच्या वापराबद्दल फिर्याद करण्याची धमकी दिली होती. ज्याला हा प्रकार ठाऊक नाहीं, तो त्या तारखेचीं सारीं वर्तमानपत्रें चाळूनहि रिकाम्या हातीं परत येईल. म्हणून या कामांतील जाणते लोक नांवावरून तारीख शोधण्यापेक्षां, तारीख व गांव धरून पानें डोळ्यांनीं वाचतात. मार्ग लांबचा खरा, पण वाट चुकण्याचें भय कमी.

तारखेचेंहि एक शास्त्र आहे. परीक्षणांत बहुधा ‘काल रात्रीं’ एवढेंच लिहिलेलें असतें. तें पत्र सकाळचें असेल तर अंकाच्या तारखेंतून एक दिवस वजा करावा. पण मजकूर जागेअभावीं एक दिवस मागें पडला असेल, अथवा रविवारच्या पुरवणीकरितां राखून ठेवला असेल, तर हें साधें गणित चुकतें. जलशाचें ठिकाणहि असेंच फसवें. लेड झेपलिन या नांवाखालीं या वृंदाचा पहिला जलसा २५ ऑक्टोबर १९६८ रोजीं सरे विद्यापीठांत झाला असें सांगतात. सरे विद्यापीठ म्हटल्यावर गिल्डफर्ड हें गांव डोळ्यांपुढें येतें आणि पुष्कळ वर्षें तसेंच लिहिलें गेलें. परंतु तें विद्यापीठ त्या सुमारास लंडनमधील बॅटर्सी भागांतून गिल्डफर्डला हलत होतें, आणि हा जलसा बॅटर्सीस झाला असें आतां मानलें जातें. संस्थेचें नांव बरोबर, पण गांव चुकीचें! आज अमुक संस्था अमुक ठिकाणीं आहे, म्हणून तेव्हांहि तेथेंच होती, असें धरून चालणें ही संशोधनांतील फार जुनी ठेंच आहे.

परीक्षण वाचतांना तें लिहिणाऱ्याची घाई ध्यानांत ठेवावी लागते. सकाळच्या पत्राचा मजकूर रात्रीं ठराविक वेळेच्या आंत छापखान्यांत जावा लागतो. जलसा लांबला कीं टीकाकार शेवटचीं गाणीं ऐकण्यापूर्वींच उठून जातो. त्यामुळें परीक्षणांत एखाद्या गाण्याचा उल्लेख नाहीं एवढ्यावरून तें गाइलें गेलें नाहीं असें ठरत नाहीं. शिवाय एकाच पत्राच्या एका दिवशीं दोन-तीन आवृत्त्या निघतात. बाहेरगांवची आधीं, शहराची नंतर. ग्रंथालयांत जपून ठेवलेल्या फितीवर त्यांतली एखादीच असते. जो मजकूर दुसऱ्या आवृत्तींत आला, तो त्या फितीवर शोधूनहि सांपडणार नाहीं.

आणखी एक अडचण म्हणजे, वर्तमानपत्राचा कल गाण्यापेक्षां गडबडीकडे अधिक असतो. ५ जुलै १९७१ रोजीं इटलींतील मिलान शहरीं व्हिगोरेल्ली या सायकल-शर्यतीच्या मैदानावर हा वृंद गात असतां दंगल झाली, पोलिसांनीं अश्रुधूर सोडला आणि वादकांना व्यासपीठ सोडून पळावें लागलें. फ्लॉरिडांतील टँपा येथें ३ जून १९७७ रोजीं पावसानें जलसा विसाव्या मिनिटाच्या सुमारास बंद पडला आणि तेथेंहि दंगा उसळला. अशा वेळीं बातमी लिहावयास संगीताचा टीकाकार राहत नाहीं. पोलीस-ठाण्यावरचा बातमीदार येतो. त्याच्या मजकुरांत लाठ्या आणि जखमी यांस जागा मिळते. गाणें कोणतें चाललें होतें याची नोंद घेण्याचें त्याला कारण नसतें. गर्दीच्या आंकड्यांचेंहि तेंच. ५ मे १९७३ रोजीं याच टँपा शहरीं एका मैदानावर ५६,८०० माणसें जमलीं आणि बीटल्सच्या १९६५ सालच्या न्यूयॉर्कमधील जलशाचा ५५,६०० चा उच्चांक मोडला, हें सर्वत्र लिहिलेलें सांपडतें. कारण आंकडा लक्षांत राहतो. त्या संध्याकाळीं गायकाचा आवाज कसा लागला होता, हें सांगणारी ओळ शोधावी लागते.

टीकाकाराचा द्वेषहि कधीं कधीं उपयोगीं पडतो. या वृंदावर प्रारंभीं पुष्कळ टीकाकारांची मर्जी नव्हती. ‘रोलिंग स्टोन’ या प्रसिद्ध नियतकालिकानें १९६९ च्या मार्चमध्यें पहिल्या तबकडीचें परीक्षण छापलें तें प्रतिकूलच होतें. न्यायालयांत वकिलांना ठाऊक असतें कीं, विरुद्ध पक्षाच्या साक्षीदाराकडून निघालेली कबुली सर्वांत मोलाची. ज्याला गाणें आवडलें त्यानें श्रोते भान हरपले असें लिहिलें तर तें अर्धें सोडून द्यावें. पण ज्याला कानांत बोटें घालावीशीं वाटलीं, त्यानेंच श्रोते उठावयास तयार नव्हते असें लिहिलें, तर तें पुरतें मानावें.

आतांपर्यंतचा विचार कागद आहे असें धरून झाला. या विषयांतील खरा कठीण प्रश्न त्यापुढें येतो. कागद आहे पण जलसा नाहीं, किंवा जलसा आहे असें लोक सांगतात पण कागद नाहीं, अशा वेळीं काय करावें? या दोन्ही प्रकारचीं उदाहरणें या एकाच वृंदाच्या इतिहासांत सांपडतात.

पहिला प्रकार न्यू ऑर्लीन्सचा. ३० जुलै १९७७ रोजीं तेथील सुपरडोम या विशाल मंडपांत जलसा ठरला होता. परंतु २६ जुलै रोजीं गायक प्लँट याचा लहान मुलगा इंग्लंडमध्यें आजारानें अकस्मात् दगावला. बाप घरीं परतला आणि दौऱ्याचे उरलेले जलसे रद्द झाले. म्हणजे ३० जुलैची तारीख घातलेला कागद एखाद्या पेटींतून निघाला, तरी त्यावरून ‘या दिवशीं हा वृंद न्यू ऑर्लीन्समध्यें गाइला’ असें लिहिणारा मनुष्य पूर्ण सचोटीनें खोटें लिहील. त्या कागदामागें कोणताहि जलसा नाहीं. आहे तें एका घरांतील दुःख. पुढील दिवसांचीं वर्तमानपत्रें उघडून पाहिल्यावांचून हें कळण्याचा मार्ग नाहीं.

दुसरा प्रकार व्हीटनचा. वॉशिंग्टन शहराजवळ मेरीलँड राज्यांत व्हीटन नांवाचें उपनगर आहे. तेथील तरुणांच्या केंद्रांत २० जानेवारी १९६९ रोजीं, सोमवारीं, सुमारें पन्नास माणसांसमोर लेड झेपलिन गाइलें, असें कांहीं लोक पुष्कळ वर्षें सांगत आले. तो दिवस त्यांच्या लक्षांत राहण्यास कारणहि होतें. त्याच दिवशीं रिचर्ड निक्सन यांनीं राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली होती. जेफ क्रुलिक नांवाच्या चित्रपट-दिग्दर्शकानें या एका गोष्टीचा छडा लावण्याकरितां एक संपूर्ण माहितीपट तयार केला. त्याला काय सांपडलें? जाहिरात नाहीं, तिकीट नाहीं, छायाचित्र नाहीं, परीक्षण नाहीं. सांपडलीं तीं माणसें, आणि त्यांचें ठाम म्हणणें: आम्हीं ऐकलें.

शंका घेणाऱ्यांचा पक्षहि दुबळा नाहीं. त्याच वर्षीं २५ मे रोजीं मेरीलँडमध्येंच मेरीवेदर पोस्ट पॅव्हिलियन येथें हा वृंद ‘द हू’ या दुसऱ्या विख्यात वृंदाबरोबर गाइला, आणि तो जलसा निर्विवाद आहे. मनुष्याची स्मृति दोन संध्याकाळींची एक संध्याकाळ सहज करून टाकते. प्रत्यक्ष गाणारांच्या आठवणीहि याला अपवाद नाहींत. बोस्टन येथें २६ जानेवारी १९६९ रोजीं आपण चार तासांवर गाइलों, स्वतःचीं गाणीं संपलीं तेव्हां दुसऱ्यांचीं गाइलों, असें या चौघांतल्यांनीं पुढें सांगितलें आहे. अशी कथा सांगतां सांगतां किती वाढली, हें घड्याळाशिवाय कोण सांगणार?

मग व्हीटनच्या त्या पन्नास जणांस खोटें ठरवावें काय? येथेंच या साऱ्या विषयाचें मर्म आहे. वर्तमानपत्र गप्प आहे, एवढ्यानें कांहीं सिद्ध होत नाहीं. तें बोलावें अशी अपेक्षा होती काय, हें आधीं विचारलें पाहिजे. त्या दिवशीं वॉशिंग्टनमधील सारे बातमीदार शपथविधीच्या मागें होते. वृंद अमेरिकेंत अनोळखी होता. त्याची तबकडी निघून आठच दिवस झाले होते. वार सोमवार, जागा उपनगरांतली, श्रोते मूठभर. अशा ठिकाणीं कोणत्या पत्राचा टीकाकार गेला असता? जेथें साक्षीदार जाण्याचा संभवच नव्हता, तेथें त्याच्या मौनाला साक्ष म्हणतां येणार नाहीं. उलटपक्षीं, हा वृंद १७ ते १९ जानेवारीस डेट्रॉइटमध्यें आणि २३ पासून बोस्टनमध्यें होता. मध्यें अवकाश राहतो. तेव्हां ही गोष्ट अशक्य नाहीं. ती संभवनीय आहे आणि सिद्ध झालेली नाहीं, एवढाच निवाडा न्याय्य होय.

‘सिद्ध झालें नाहीं’ आणि ‘झालेंच नाहीं’ या दोन वाक्यांत जें अंतर आहे, तें पाळण्यांत संशोधकाची सभ्यता दिसते. ज्याच्या तारुण्यांतील एक संध्याकाळ त्याला आयुष्यभर पुरली, त्याला दुसऱ्या कोणी कागद नाहीं म्हणून ती संध्याकाळ आलीच नव्हती असें सांगणें क्रूरपणाचें आहे. आणि तो म्हणतो म्हणून पडताळा न घेतां यादींत तारीख घालणें हा इतिहासाशीं केलेला अप्रामाणिकपणा आहे. या दोहोंच्या मधून जाणारी वाट अरुंद आहे, पण चालण्याजोगी आहे: आठवण आठवण म्हणून लिहावी, सांगणाराचें वय व सांगितल्याची तारीख घालून लिहावी, आणि कागद निघण्याची वाट पाहावी.

हा प्रश्न केवळ परदेशचा आहे असेंहि नाहीं. १९७२ सालीं जिमी पेज व रॉबर्ट प्लँट हे दोघे मुंबईस आले होते. बांसरीवादक व संगीतकार विजय राघव राव यांच्या साह्यानें त्यांनीं येथील वादकांना बरोबर घेऊन ‘फ्रेंड्स’ व ‘फोर स्टिक्स’ हीं आपलीं दोन गीतें ध्वनिमुद्रित केलीं. तें ध्वनिमुद्रण रीतसर प्रसिद्ध झालें तें २०१५ सालीं, म्हणजे त्रेचाळीस वर्षांनीं. त्याच मुंबईच्या मुक्कामांत कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ नांवाच्या लहानशा नृत्यगृहांत हे दोघे अनपेक्षितपणें वाजवावयास उभे राहिले, असें त्या रात्रीं तेथें हजर असलेली मंडळी सांगत आली. आधीं जाहीर न केलेल्या कार्यक्रमाची जाहिरात कोठून असणार? त्या रात्रीची हकीकत मुख्यतः आठवणींवरच उभी आहे. जे तेव्हां विशीच्या घरांत होते, त्यांनीं आज सत्तरी ओलांडली आहे. मुंबईच्या या व्हीटनची जबानी लिहून घ्यावयाची तर फार काळ हातांत नाहीं.

कागदाचेंहि आयुष्य मर्यादितच असतें. डेन्व्हरचा तो पहिला जलसा ज्यानें नोंदविला, तें ‘रॉकी माउंटन न्यूज’ १८५९ सालीं सुरू झालें होतें. २७ फेब्रुवारी २००९ रोजीं त्याचा शेवटचा अंक निघाला. पत्र बंद पडलें, पण त्याचे अंक ग्रंथालयांत राहिले म्हणून ती नोंद आज वाचतां येते. ज्या गांवच्या पत्राचे अंक कोणीं जपले नाहींत, त्या गांवच्या अशा शेंकडों रात्रीं कायमच्या अंधारांत गेल्या.

घरोघरच्या जुन्या वह्यांत आणि पेट्यांत कात्रणें असतात. नाटकाचें, गाण्याचें, घरांतल्या कोणाच्या बक्षिसाचें. कात्रण कापतांना मनुष्य आपल्याला हवा तेवढा मजकूर काळजीपूर्वक कापतो, आणि त्याच कात्रीखालीं पानाच्या माथ्यावरचें पत्राचें नांव व तारीख केराच्या टोपलींत जाते. पन्नास वर्षांनीं नातवाच्या हातीं तें कात्रण पडतें, तेव्हां कोण गाइलें तें कळतें. कधीं आणि कोठें हें कळत नाहीं. साक्षीदार हजर असतो, पण त्याला शपथ दिलेली नसते. ज्यांच्या घरीं अशीं कात्रणें असतील, त्यांनीं त्यांच्या पाठीमागें पत्राचें नांव, गांव व तारीख आठवेल तशी शिसपेन्सिलीनें लिहून ठेवावी. खात्री नसेल तेथें ‘बहुधा’ हा शब्द घालावा. एवढ्या चार अक्षरांनीं कोणा संशोधकाचे अनेक दिवस वांचतील, आणि कदाचित् एखादा हरवलेला जलसा पुन्हां आपल्या तारखेस जाऊन बसेल.